डोंगराची उंची, सरड्याची लांबी आणि हाडातली वर्षे

पेरू देशातल्या अरेकिपा शहराच्या उशाला चाचानी नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या अंगावर ५,४०० मीटर उंचीवर लिओलेमस वंशाचा सरडा राहतो, अशी नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी उंचीचा हा मान तिबेटच्या पठारावरच्या फ्रायनोसेफॅलस वंशाकडे होता. त्यातल्या एका जातीची नोंद ५,३०० मीटरपर्यंत आहे आणि तिची एक भावंडजात आपल्या लडाखच्या चांगथांगमध्येही राहते. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. तिथे रात्री पाणी गोठते आणि उन्हाळा बघता बघता सरतो. ज्याला अंगात ऊब निर्माण करता येत नाही, असा प्राणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे.

या प्राण्यांपाशी गेलेल्या अभ्यासकांनी दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले. डोंगर चढत जावे तसतसे सरडे आकाराने मोठे होतात की लहान? आणि ते जास्त वर्षे जगतात की कमी? पहिल्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे, कारण लांबी मोजायला पट्टी पुरते. दुसऱ्यावर त्या मानाने कमी, कारण सरड्याचे वय अंगावर दिसत नाही. आजवरचा अभ्यास एकत्र पाहिला की मला एक गोष्ट ठळकपणे जाणवते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती नसताना दिलेले पहिल्याचे उत्तर अर्धवट राहते. (या लेखात ‘सरडा’ हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. पाली आणि सापसुरळ्याही त्यात आल्या.)

बर्गमनचा नियम आणि थंड रक्त

या चर्चेची सुरुवात १८४७ मध्ये होते. कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले की जवळच्या नात्यातल्या प्राण्यांमध्ये थंड मुलखातले प्राणी आकाराने मोठे असतात. कारण साधे आहे. पातेलेभर दूध वाटीभर दुधापेक्षा उशिरा निवते. शरीर वाढले की त्याचे आकारमान पृष्ठभागापेक्षा जास्त वेगाने वाढते, त्यामुळे वजनाच्या मानाने उष्णता कमी निसटते. बर्गमनच्या डोळ्यांसमोर पक्षी आणि सस्तन प्राणी होते, म्हणजे ज्यांच्या पोटात चूल सतत पेटलेली असते ते.

सरड्याच्या पोटात ही चूल नाही. त्याला ऊन खावे लागते. मोठे शरीर उशिरा निवते हे खरे, पण ते उशिरा तापतेही. जिथे दिवसाकाठी चारच तास चांगले ऊन मिळते, तिथे त्यातला एक तास अंग तापवण्यात घालवणे परवडणारे नाही. लहान सरडा झटकन तापतो आणि कामाला लागतो. तेव्हा नुसत्या तर्काने पाहिले तर उंचावर मोठे होण्यालाही आधार सापडतो आणि लहान होण्यालाही.

मोजणीनेही हा घोळ मिटवला नाही. २००३ मध्ये काइल अ‍ॅश्टन आणि ख्रिस फेल्डमन यांनी तोवरची माहिती एकत्र करून पाहिली. कासवे बर्गमनचा नियम पाळतात, पण सरडे आणि साप बहुतांशी उलट वागतात, म्हणजे उबदार प्रदेशात मोठे असतात, असे त्यांना आढळले. दोन वर्षांनी फेलिक्स क्रूझ आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या लिओलेमस वंशाचा अभ्यास करून सांगितले की इथे नियम लागू पडतो, थंडीत मोठ्या जाती आहेत. २००८ मध्ये डॅनिएल पिन्चेइरा-डोनोसो आणि सहकाऱ्यांनी त्याच वंशाची पुन्हा तपासणी केली आणि तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. कोणत्या जाती निवडल्या आणि त्यांचे आपसातले नाते हिशेबात कसे धरले, यावर उत्तर बदलत होते.

वेगवेगळ्या जातींची तुलना आणि एकाच जातीच्या वेगवेगळ्या उंचीवरच्या वस्त्यांची तुलना, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्यात लाखो वर्षांचा वंशेतिहास मिसळलेला असतो. उंचीचा परिणाम पाहायचा तर दुसरी वाट अधिक सरळ आहे, म्हणून पुढचा बराचसा आढावा त्या वाटेने जातो.

उंची ही कारणांची मोळी

दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते, हे शाळेत शिकवतात. पण उंची वाढताना एकटे तापमान बदलत नाही. ऊन प्रखर होते, प्राणवायू विरळ होतो, पाऊस आणि ढग बदलतात, किड्यांची संख्या बदलते, शिकारी पक्षी आणि साप कमी-जास्त होतात. उंची म्हणजे एक कारण नव्हे, ती कारणांची मोळी आहे. तिच्यातली प्रत्येक काडी वेगळी काढून पाहावी लागते.

तापमानाचीच काडी घ्या. ऑलिव्हर पिअर्सन यांनी १९५४ मध्ये दक्षिण पेरूच्या उंच पठारावरच्या लिओलेमसची निरीक्षणे प्रसिद्ध केली. हवा गोठणबिंदूच्या आसपास असतानाही उन्हात बसलेल्या सरड्याचे अंग तीस अंशांच्या वर तापलेले होते. म्हणजे ऊन असेल तोवर उंचावरचा सरडा थंड नसतोच. त्याला कमी पडते ती ऊब नव्हे, तर ऊब मिळण्याचे तास. हिवाळ्याचे कित्येक महिने आणि रोजची सकाळ-संध्याकाळ तो बिळात निपचित असतो.

उंचावरच्या अंड्यांचा प्रश्न आणखी बिकट आहे. गार जमिनीत घातलेले अंडे उबण्याआधी ऋतू संपू शकतो. म्हणून अनेक थंड प्रदेशांतल्या सरड्यांच्या माद्या अंडी पोटातच वाढवतात, स्वतः ऊन खाऊन त्यांना ऊब देतात आणि थेट पिल्लांना जन्म देतात. पिल्ले घालण्याची ही रीत सरडे आणि सापांच्या इतिहासात शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे आली आहे. तिची किंमतही मोठी असते. न्यूझीलंडच्या ओटागो भागातल्या थंड टेकड्यांवर काही पालींच्या माद्या दोन वर्षांतून एकदाच वितात. वीण इतकी विरळ असेल, तर एका खेपेला जास्त पिल्ले मावतील असे मोठे पोट फायद्याचे ठरते. मोठ्या अंगात हिवाळ्यासाठी चरबीही जास्त साठते. उंचावर मोठे होण्याची ही दोन कारणे आहेत आणि उष्णता साठवण्याशी त्यांचा संबंध नाही.

हाडातली वलये

आता वयाकडे येऊ. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षवलये उमटतात, तशी सरड्याच्या हाडातही उमटतात. हिवाळ्यात वाढ थांबते आणि हाडाच्या काठाशी एक बारीक गडद रेघ पडते. उन्हाळ्यात पुन्हा रुंद, फिकट थर चढतो. पायाच्या बोटाचे टोक किंवा संग्रहालयातल्या नमुन्याचे मांडीचे हाड घेतात, आम्लात ठेवून त्यातला चुना काढतात, त्याचे पातळ काप करतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजतात. बोटाचा तुकडा पुरतो, त्यामुळे प्राणी मारावा लागत नाही.

ही पद्धत निर्धोक नाही. हाड वाढते तशी आतली पोकळी रुंदावते आणि सगळ्यात जुन्या रेघा आतून विरघळून जातात. कडक उन्हाळ्यात वाढ थांबली तर एका वर्षात दोन रेघा पडतात. जिथे हिवाळा नावापुरता असतो, तिथे रेघा पुसट येतात. त्यामुळे वर्षानुवर्षे खूण करून त्याच प्राण्याला पुन्हा पुन्हा पकडण्याला पर्याय नाही. तरीही या रेघांनी अभ्यासाला वळण दिले. कारण सरडा वयात आला की त्याची वाढ मंदावते, पण बहुतेक जातींत ती तिथेच थांबत नाही. जास्त जगलेला सरडा बहुधा जास्त लांब असतो.

याचा अर्थ काय होतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. एकाच डोंगराच्या पायथ्याशी आणि माथ्यावर एकाच जातीचे सरडे आहेत. दोन्हीकडे वाढीचा वेग अगदी सारखा आहे. पायथ्याला साप आणि पक्षी पुष्कळ, म्हणून बहुतेक सरडे दोन वर्षांत मरतात. माथ्यावर ते पाच वर्षे जगतात. आपण दोन्हीकडचे पन्नास-पन्नास प्रौढ मोजले, तर माथ्यावरची सरासरी मोठी येईल आणि आपण लिहू की थंडीने सरडे मोठे झाले. प्रत्यक्षात ते फक्त वयाने मोठे होते. उलटही घडू शकते. माथ्यावर वाढ मंद आहे पण आयुष्य लांब, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना छेदून सरासरी सारखीच आली, तर आपण लिहू की उंचीचा काही परिणाम नाही. परिणाम मात्र दोन होते, दोन्ही बलवान.

उन्हाच्या तासांत मोजलेले आयुष्य

उंचावर आयुष्य लांबते का? २०१५ मध्ये इनॉन शार्फ आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक जातींच्या सरडे-सापांच्या आयुर्मानाची माहिती तपासली. थंड आणि कमी उत्पादक प्रदेशातल्या, उशिरा वयात येणाऱ्या जाती जास्त जगतात, असा कल त्यातून दिसला.

कारण समजून घ्यायला स्टीफन अ‍ॅडॉल्फ आणि वॉरन पोर्टर यांची १९९३ मधली मांडणी फार उपयोगी आहे. सरडा बिळात असतो तेव्हा त्याला कोणी खात नाही आणि तोही काही खात नाही. त्याचा धोका आणि त्याची वाढ दोन्ही बाहेर काढलेल्या तासांना बांधलेले आहेत. समजा, पायथ्याचा सरडा वर्षातले २७० दिवस रोज आठ तास बाहेर असतो, म्हणजे २,१६० तास. माथ्यावरचा १२० दिवस रोज सहा तास, म्हणजे ७२० तास. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. पायथ्याच्या सरड्याने दोन वर्षांत जितके ऊन आणि जितका धोका अंगावर घेतला, तितका माथ्यावरचा सहा वर्षांत घेईल. पंचांगाने तो तिप्पट म्हातारा आहे, पण जगण्याच्या तासांनी दोघे एका वयाचे आहेत.

अ‍ॅडॉल्फ आणि पोर्टर यांनीच १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली आणि माझ्या मते या सगळ्या वादाची गुरुकिल्ली तिथे आहे. थंड प्रदेशात वीण वर्षातून एकदा ठरलेल्या ऋतूत होते. त्यामुळे वयात येण्याचे वय हळूहळू सरकत नाही, ते पूर्ण वर्षाने उडी घेते. डोंगर चढताना ऋतू थोडा आखूड झाला, तरी सरडा एका वर्षात कसाबसा वयात येतो, फक्त थोडा लहान अंगाने. आणखी वर गेले की आणखी लहान. मग एक उंची अशी येते की एका वर्षात ते जमतच नाही. तो पुढच्या वसंतापर्यंत थांबतो आणि मधल्या काळात वाढत राहतो. तिथे प्रौढाचा आकार एकदम मोठा होतो. त्याहून वर पुन्हा उतरण आणि पुन्हा उडी. उंची आणि आकार यांचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा निघतो. दोन अभ्यासकांनी त्याच करवतीचे वेगवेगळे तुकडे पाहिले, तर एकाला चढ दिसेल आणि दुसऱ्याला उतार, आणि दोघेही खरे असतील.

टास्मानियातली सापसुरळी

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर ठिपक्यांची एक छोटी, पिल्ले घालणारी सापसुरळी आहे. तिच्या किनाऱ्याजवळच्या उबदार वस्तीची आणि मध्य पठारावरच्या थंड वस्तीची तुलना एरिक वॅपस्ट्रा आणि सहकारी दीर्घकाळ करत आले आहेत. पठारावरच्या माद्या उशिरा वयात येतात आणि तेव्हा त्या अंगाने मोठ्या असतात, असे त्यांनी २००१ मध्ये दाखवले.

२०१० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने हा फरक किती खोल जातो ते उघड केले. सखल वस्तीत आईला मिळालेल्या उबेवर पिल्लांचे लिंग अवलंबून असते, उबदार वर्षात माद्या जास्त जन्मतात. पठारावर मात्र तापमानाचा हा प्रभाव नाही, तिथे लिंग जनुकांवर ठरते. सखल भागात लवकर जन्मलेल्या मादीला पहिल्याच ऋतूत वाढायला जास्त दिवस मिळतात आणि ती लवकर विऊ लागते. म्हणून उबदार, लवकर सुरू झालेल्या वर्षात माद्या जन्माला घालणे फायद्याचे आहे. पठारावर वाढ इतकी संथ आहे की जन्माच्या तारखेतले दोन-तीन आठवडे पुढे फारसे उरत नाहीत. शिवाय हवामान लहरी असल्याने लिंग त्याच्या हाती सोपवणे धोक्याचे ठरते. वयात येण्याच्या वयातला फरक लिंगनिश्चितीच्या रीतीपर्यंत पोहोचतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

सिएरा नेवाडा: एक डोंगर, तीन उत्तरे

स्पेनच्या आग्नेय भागातल्या सिएरा नेवाडा पर्वतावर सॅमोड्रोमस अल्जिरस हा सरडा सुमारे ३०० मीटरपासून २,५०० मीटरपर्यंत राहतो. ग्रेगोरिओ मोरेनो-रुएदा आणि सहकाऱ्यांनी ही २,२०० मीटरची चढण टप्प्याटप्प्याने तपासली. २०१४ मध्ये त्यांनी दाखवले की वर जावे तसे सरडे मोठे होत जातात आणि मोठे शरीर ऊब जास्त वेळ धरून ठेवते. इथे बर्गमनचा नियम जिंकला, असे वाटले.

मग त्यांनी हाडे वाचली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सगळ्यात कमी आयुष्य मधल्या उंचीवर, म्हणजे १,२०० ते १,७०० मीटरच्या पट्ट्यात निघाले. या जातीला सर्वांत मानवणारा अधिवास नेमका तोच आहे. वरचे सरडेही जास्त जगत होते आणि अगदी खालचेही. वर बाहेर पडण्याचे तास कमी, म्हणून आयुष्य संथ आणि लांब. खाली ऊन भरपूर पण रखरखीत उन्हाळ्यात खायला कमी, म्हणून तिथेही ते संथ आणि लांब. मध्ये ऊनही आहे आणि अन्नही, म्हणून जगणे वेगवान आणि थोडके.

या निकालाचे महत्त्व मोठे आहे. लांबीचा आलेख सरळ चढत जातो आणि वयाचा आलेख मध्ये खाली वाकतो. खालचे सरडे दीर्घायुषी असूनही लहान आहेत, म्हणजे या डोंगरावर मोठ्या आकाराचे सगळे श्रेय वयाला देता येत नाही. वय मोजल्याशिवाय हेही कळले नसते.

माद्रिदजवळच्या डोंगरांत पाब्लो इराएता आणि सहकाऱ्यांनी याच जातीची पिल्ले सखल आणि उंच जागांमध्ये अदलाबदल करून सोडली. २००६ मधल्या त्यांच्या अहवालात उंचावर पिल्ले जास्त वेगाने वाढल्याचे दिसते. भूमध्य सागराकाठच्या कोरड्या उन्हाळ्यात डोंगरमाथा ओलसर असतो आणि तिथे किडे भरपूर मिळतात. थंडी वाढ रोखते, हे वाक्य म्हणूनच प्रत्येक डोंगराला लागू पडत नाही. तो डोंगर कोणत्या हवामानात उभा आहे, ते आधी पाहावे लागते.

तापत्या जगात

हा प्रश्न आता अभ्यासिकेपुरता राहिलेला नाही. फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांत झूटोका व्हिविपारा या छोट्या सरड्याच्या चार वस्त्यांवर अठरा वर्षे नजर ठेवली गेली. हवा तापत गेली तसे सरडे मोठे झाले, माद्यांची पिल्ले वाढली. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा डोंगरावरच्या सरड्यांना तापमानवाढ मानवते आहे असे वाटण्याजोगे होते.

पुढे याच जातीला बंदिस्त आवारांत दोन अंश जास्त उबेत ठेवून पाहिले गेले. २०१५ मध्ये एल्व्हिर बेस्तियाँ आणि सहकाऱ्यांनी सांगितले की पिल्ले भरभर वाढली, लवकर विऊ लागली, पण प्रौढ लवकर मेले. हा कल टिकला तर अशा वस्त्या सुमारे वीस वर्षांत नष्ट होऊ शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. २०१७ मध्ये आंद्रेआस द्युपुए आणि सहकाऱ्यांना फ्रान्सच्याच डोंगरांत, नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या सखल वस्त्यांतल्या सरड्यांचे टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोके, तोकडी झालेली आढळली. ही झीज सहसा म्हातारपणाची खूण मानली जाते आणि इथे ती वर्षाच्या सरड्यांत होती. आकाराने भरलेले सरडे आतून लवकर झिजत होते. नुसती लांबी पाहणाऱ्याला ही वस्ती धडधाकट वाटली असती.

बॅरी सिनर्व्हो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये दिलेला हिशेबही ध्यानात ठेवावा. मेक्सिकोत २०० ठिकाणी ४८ जातींचा शोध घेतला, तेव्हा १९७५ पासून १२ टक्के स्थानिक वस्त्या नाहीशा झालेल्या होत्या. दुपारी इतके तापते की सरड्याला विणीच्या हंगामात बिळात बसावे लागते आणि त्याचे खाण्याचे तास जातात. माथ्याकडे थंडी तास खाते, पायथ्याकडे उष्णता. वर सरकायला डोंगर उरला नाही की मार्ग संपतो.

सह्याद्रीसाठी

सह्याद्री अँडीजइतका उंच नाही. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. पण किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत तापमान, धुके आणि पाऊस इतके पालटतात की इथेही ही चढण अभ्यासण्याजोगी आहे. आपल्याकडे बाहेर पडण्याचे तास थंडीपेक्षा पावसाळा आणि वैशाखाचे ऊन ठरवत असणार, म्हणून युरोपातले निष्कर्ष इथे जसेच्या तसे उतरवता येणार नाहीत.

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारा एक देखणा सरडा आहे. २०१६ मध्ये त्याच्या वंशाचे नाव आपल्या मराठी शब्दावरूनच ‘सराडा’ असे ठेवले गेले. २०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी दाखवले की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आहेत आणि सरडे दाट आहेत. तिथले सरडे कमी बिचकतात, पण अंगाने हडकलेले असतात. पठार तेच आणि उंचीही तीच, तरी शिकारी हटताच सरड्याचे शरीर बदलले. मोळीतली एक काडी माणसाने ओढून काढली, तर काय होते ते इथे दिसते.

या सगळ्यावरून माझे मत असे झाले आहे. उंचीने सरडा मोठा होतो की लहान, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही आणि ते शोधत बसण्यात अर्थ नाही. उंची बाहेर पडण्याचे तास ठरवते, त्या तासांत किती खायला मिळते आणि किती धोका आहे ते ती जागा ठरवते, आणि या तिन्हींतून वाढ, वयात येणे आणि मरण ठरते. लांबी हा त्या हिशेबाचा शेवटचा आकडा आहे.

म्हणून सह्याद्रीत सरडे पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि निसर्गमित्रांना एक विनंती आहे. योग्य परवानगी घेऊन मोजमाप करत असाल, तर शेपूट वगळून तुंडापासून अवस्करापर्यंतची लांबी लिहा, कारण शेपूट तुटते आणि पुन्हा येते. सोबत जागेची उंची, तारीख, वेळ आणि नर-मादी लिहा. पकडायचे नसेल तर अंगावरची नक्षी नीट दिसेल असे छायाचित्र घ्या आणि पुढच्या वर्षी त्याच खडकापाशी तोच सरडा पुन्हा शोधा. तुमच्या वहीत लांबीच्या रकान्याशेजारी वयाचा रकाना असू द्या. पहिली काही वर्षे तो रिकामा राहिला तरी चालेल.